शिंगराच्या कपाळावरचा ठिपका

नारानतूल बाजारात, बुटांच्या ओळीमागे माझा गाळा.
दोन गिऱ्हाइकं आत आली
की तिसऱ्याने बाहेर उभं राहून शिंकायचं.
बाहेर उणे एकतीस.

सकाळचा पहिला, लग्नांचे फोटो काढणारा,
म्हणाला, "पडदा मेला."
मेला नव्हता.
डोळा लावायच्या खिडकीपाशी कॅमेऱ्याचा स्वतःचा
एक बारीक डोळा असतो;
त्याच्यापुढे काही आलं की त्याला वाटतं
मालक वाकून बघतोय, आणि तो मागचा पडदा विझवतो.
तिथे टोपीच्या कोल्ह्याचे दोन केस चिकटले होते.
मी फुंकर मारली.
पैसे घ्यायची लाज वाटली,
तरी घेतले.

मग एक शाळामास्तरीण. पडद्यावरची पोरं
धावायची थांबली तरी त्यांच्या सावल्या धावत होत्या.
"भूत आहे का हो?"
थंडी आहे, बाई. पडद्यातलं द्रव आळसावतं,
बॅटरीही रुसते.
कॅमेरा पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा,
आणि इथे ऊब लागेपर्यंत उघडू नका,
नाहीतर भिंगाला आतून घाम फुटेल.
तोवर तिने माझा खारट चहा संपवला.

तिसऱ्याचं सगळं जगच जांभळं, वर आडव्या रेघा.
सेन्सर गेला होता.
नव्याची किंमत सांगितली. नाकापेक्षा मोती जड.
तो बराच वेळ कॅमेऱ्याच्या पाठीवर अंगठा फिरवत राहिला.

तेमुलेनला, भाच्याला, मी रोज एकच शिकवते:
स्क्रू उघडायच्या आधी ठरव
बिघाड चित्रात आहे की पडद्यात.
कार्ड काढ, दुसऱ्या पडद्यावर बघ.
डाग तिथेही आला तर आत शोध.
नाही आला, तर चित्र निर्दोष आहे,
बघणाऱ्याच्या काचेचा दोष.
तो मान हलवतो.
पालथ्या घड्यावर पाणी.

दुपार कलताना दुंदगोवीहून गोंचिग आला.
दोन दिवस ट्रकमध्ये बसून,
कॅमेरा नमद्यात गुंडाळून, छातीशी.
सोबत पाकीटभर छापील फोटो,
आणि भांडण.
"त्या छापणाऱ्या पोराने चांद चोरला."

कुठला चांद?

त्याने कॅमेरा सुरू केला. पडद्यावर तपकिरी शिंगरू,
कपाळावर पांढरा ठिपका, मधोमध.
दुसऱ्या फोटोतही. तिसऱ्यातही.
छापील कागदावर तेच शिंगरू, कपाळ कोरं.

मी झाकण लावून एक फोटो काढला.
काळ्याकुट्ट पडद्यावर ठिपका तसाच, तिथेच.
संगणकावर उघडला: नुसता काळोख.
पडद्यातला एक कण, पांढरा होऊन अडकलेला.
तेमुलेनच्या आधी मलाच हसू आलं.

"मग प्रत्येक वेळी बरोबर कपाळावरच कसा?"
तेमुलेनने विचारलं.
गोंचिग बुटांकडे बघत राहिला.
"मी तसा धरायचो," म्हणाला.
"शिंगरू हलायचं. मग मी हलायचो.
गुडघ्यावर, बर्फात. कधी अर्धा तास.
याच्या आईला होता तिथे चांद.
मागच्या झुडात गेली ती.
याला नाही."

मी दर सांगितला: पडदा बदलायला ऐंशी हजार तुग्रुग.
सवय. तोंडातून निघून गेलं.

"पडदा नको," तो म्हणाला,
"फोटोत घालता येईल का तो?"

वीस वर्षं मी डाग काढत आले.
माउस हातात घेतला, कपाळावर नेला,
शिंगराने माझ्याकडे पाहिलं, आणि
हात थांबला. करता आलं असतं.
दोन मिनिटांचं काम.

"नाही येत," मी म्हणाले.
खोटं बोलले.

त्याने जरा विचार केला.
मग फोटो पाकिटात, कॅमेरा नमद्यात.
"बरं. लोकांना कागद नाही दाखवत.
हाच दाखवेन."

बॅटरी कोटाच्या आत, अंगाला लागून ठेवा,
एवढं मात्र मी त्याच्यामागे ओरडून सांगितलं.
दार लोटलं गेलं. वाफ आत आली.
बाहेरचा शिंकणारा पुढे सरकला.